जुनी मारुती ८०० पुढून खटखट करतेय? घरी काय दुरुस्त करता येतं आणि कोणत्या नटाला हात लावायचा नाही

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरहून गोबरवाहीमार्गे मध्य प्रदेशातल्या कटंगीकडे जाणाऱ्या पट्ट्यात नाकाडोंगरी नावाचं गाव आहे. एका बाजूला जंगल, दुसरीकडे धानाची शेती आणि जवळच ‘मॉयल’ची डोंगरी बुजुर्ग ही मँगनीजची खुली खाण. ड्राय सेलसाठी लागणारं मँगनीज डायऑक्साइड देणारी खाण म्हणून ती ओळखली जाते. म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधल्या सेलचा या भागाशी संबंध असू शकतो.

पण खाण आली की जड ट्रक आले. जड ट्रक ज्या रस्त्यावरून जातात त्याचं पावसाळ्यात काय होतं, ते वेगळं सांगायला नको. त्याच रस्त्यावरून जेमतेम साडेसहाशे किलोची मारुती ८०० जाते तेव्हा प्रत्येक खड्डा तिच्या १२ इंची चाकाला नीट कळतो. मग एक दिवस पुढच्या डाव्या चाकाकडून ‘खट’ असा आवाज येतो. थोड्या दिवसांनी ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायला लागते.

अशा गावात दुचाकीचा आणि ट्रॅक्टरचा मेकॅनिक सापडतो. कारच्या सस्पेन्शनचं काम निघालं की तुमसर नाहीतर भंडारा गाठावं लागतं, आणि गाडी तिथपर्यंत न्यायची कशी हाच प्रश्न असतो. मग यूट्यूबवर व्हिडिओ बघून घरच्या अंगणात पाने काढले जातात. हे चूक आहे का? अजिबात नाही. यातली बरीच कामं घरी होतात. फक्त तीन-चार जागा अशा आहेत जिथं चूक झाली तर पैसे जाऊन भागत नाही, माणूस जातो. व्हिडिओत नेमक्या त्याच जागा दोन सेकंदांत उरकलेल्या असतात.

मारुती ८०० च का?

१४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांना पहिल्या मारुती ८०० ची चावी दिली. शेवटची गाडी जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. मधल्या तीस वर्षांत भारतात २५ लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या. एप्रिल २०१० पासून मुंबई-पुण्यासह १३ मोठ्या शहरांत नवे प्रदूषण नियम लागू झाले आणि तिथं ८०० ची विक्री थांबली. बाकी देशात ती आणखी चार वर्षं चालू राहिली. त्यामुळे शहरात ही गाडी दिसेनाशी झाली तरी विदर्भातल्या गावांत अजून दिसते.

घरी काम करायला ही गाडी सोपी आहे, कारण तिच्यात इलेक्ट्रॉनिक भानगडी फार कमी. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, आणि पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचं. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात ही रचना काढली. त्याआधीच्या रचनांत वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असायचे. मॅकफर्सनने वरचा आर्म काढून टाकला आणि शॉकअप व स्प्रिंग एकाच उभ्या नळीत बसवून तिलाच आधाराचं काम दिलं. स्वस्त, हलकं आणि कमी जागेत मावणारं. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं पुढचं चाक याच पद्धतीने बसवलेलं असतं, त्यामुळे पुढची बरीच माहिती जुनी अल्टो, झेन किंवा सॅन्ट्रो असलेल्यांनाही लागू होते. ॲम्बेसेडरला मात्र नाही. तिच्या पुढच्या बाजूला कॉइल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार आहे, ते प्रकरणच वेगळं.

आधी आवाज ओळखा

घरच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते चुकीचा पार्ट बदलण्यात. आवाज येतोय म्हणून कुणीतरी शॉकअप बदलायला सांगतं, दोन्ही शॉकअप नवे पडतात आणि आवाज तसाच राहतो, कारण तो दोनशे-पाचशेच्या रबरी बुशचा असतो.

शॉकअप तपासायला पाना लागत नाही. बोनेटचा कोपरा जोरात खाली दाबायचा आणि सोडायचा. गाडी वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा झोके घेत राहिली तर शॉकअप संपलाय. नळीवर तेलाचा ओघळ दिसत असेल तर शंकाच नको. टायरवर हात फिरवल्यावर उंच-सखल लाटा जाणवणं हीसुद्धा त्याचीच खूण.

खट आवाज येत असेल तर चाक जमिनीवरून उचलून हलवायचं. एक हात टायरच्या वर आणि एक खाली धरून आतबाहेर हलवल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. हात डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगचा भाग. वर-खाली धरून हलवताना दुसऱ्या कुणीतरी ब्रेक दाबून धरायचा. खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, तरीही राहिला तर बॉल जॉइंटचा. ही साधी युक्ती जुन्या मेकॅनिकना पाठ असते.

चाक उचललेलं असतानाच बॉल जॉइंटवरचं रबरी बूट बघून घ्यावं. धानाच्या पट्ट्यात चिखल आणि उन्हाळ्यात बारीक धूळ. बूट फाटलं की दोन्ही आत जातात, ग्रीस धुऊन निघतं आणि जॉइंट झिजायला लागतो. खिळखिळा झालेला बॉल जॉइंट शेवटी निखळतो, तेव्हा चाक बाहेरच्या बाजूला मोडून पडतं. समोरून ट्रक येत असताना हे झालं तर काय, याचा विचार करून मगच ‘अजून महिनाभर चालेल’ म्हणावं.

ब्रेकचं निदान पायालाच होतं. पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल तर लाइनमध्ये हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी गळती किंवा मास्टर सिलेंडरचं रबर गेलंय. पायाला थरथर जाणवत असेल तर डिस्क वाकडी. ब्रेक दाबल्यावर गाडी डावीकडे ओढत असेल तर बहुतेक जण डाव्या चाकाकडे बघतात, पण अनेकदा दोष उजवीकडे असतो. उजवं कॅलिपर जाम झाल्याने तिकडचा ब्रेक लागतच नाही आणि सगळं काम एकट्या डाव्यावर पडतं.

ब्रेक न दाबताही एखादं चाक अडकतंय का हे बघायचं असेल, तर चार-पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवून दोन्ही पुढच्या डिस्कवर पाण्याचे थेंब टाकावेत. एका बाजूला नुसते ओघळले आणि दुसऱ्या बाजूला चर्रर्र झालं, तर अडकलेलं चाक सापडलं. यातही एक फसवा प्रकार आहे. जुना रबरी ब्रेक होज आतून फुगतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. बाहेरून होज ठणठणीत दिसतो. अडकलेल्या चाकाचा ब्लीडिंग निपल किंचित सैल केल्यावर चाक लगेच मोकळं फिरलं, तर दोष कॅलिपरकडून होजकडे किंवा त्याच्याही मागे मास्टर सिलेंडरकडे सरकतो. एकच चाक अडकत असेल तर बहुतेक वेळा होजच निघतो. दर वेळी कॅलिपर बदलून बिल वाढवणाऱ्यांनी हे एकदा करून बघायला हरकत नाही.

गाडी उचलणं, म्हणजे खरी परीक्षा

गाडीसोबत आलेला पँटोग्राफ जॅक स्टेपनी बदलायला दिलेला असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. हा नियम मोडणाऱ्यांना बहुतेक वेळा काही होत नाही, आणि म्हणूनच तो मोडला जातो.

अंगण मातीचं असेल तर जॅकखाली जाड फळी हवीच, नाहीतर वजन आल्यावर जॅक तिरका होत जमिनीत शिरतो. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. गाडी उचलली की बॉडीच्या मजबूत भागाखाली लोखंडी स्टँड लावायचा, ज्याला गॅरेजमध्ये घोडी म्हणतात. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक घोडीच्या जागी चालत नाहीत, कारण ते वाकत नाहीत, आवाज करत नाहीत, एकदम फुटतात. घोडी नसेल तर तुमसरच्या एखाद्या गॅरेजमधून भाड्याने किंवा ओळखीने आणावी. काढलेलं चाक आडवं करून बॉडीखाली सरकवून ठेवायचं. सगळं फसलं तरी गाडी त्या चाकावर टेकते आणि मधे हाताएवढी जागा राहते.

ब्रेक पॅड घरी बदलता येतात

पुढचे पॅड बदलणं हे घरच्या कामांतलं सगळ्यात फायद्याचं काम. पॅडवरचं मटेरियल तीन मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलावं, आणि बदलताना दोन्ही चाकांचे बदलावेत. एका बाजूचे नवे आणि एका बाजूचे जुने असले की ब्रेक दाबताना गाडी ओढणार.

स्टिअरिंग वळवून कॅलिपर बाहेर आणलं की त्याचे स्लाइड बोल्ट दिसतात. सहसा खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वरच्या पिनवर फिरवता येतं. पूर्ण काढलंच तर ते होजवर लोंबकळू द्यायचं नाही, तारेने स्प्रिंगला बांधून ठेवायचं. पॅड बाहेर आले की ते फेकायच्या आधी शेजारी ठेवून बघावेत. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा फार झिजलेला असेल तर स्लाइड पिन जाम झाल्यात, किंवा पिस्टन. नुसते नवे पॅड टाकून ते दुखणं जात नाही. पिन साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावावं. ट्रॅक्टरला मारायचं चॅसिस ग्रीस घरात पडलेलं असतं आणि तेच लावायचा मोह होतो, पण त्याने पिनवरची रबरं फुगतात आणि दोन महिन्यांत पिन पुन्हा जाम.

डिस्कच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या खाली गेलेली डिस्क लेथवर फेसिंग करून आणण्यात अर्थ नाही, ती बदलावीच लागते. ब्रेकची काळी भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसावं.

नवे पॅड जाड असतात, त्यामुळे पिस्टन आत ढकलावा लागतो. सी-क्लॅम्प लावून हळूहळू. पिस्टन आत जाताना ऑइल मागे सरकतं आणि बोनेटखालची डबी भरून वाहू शकते. ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं.

आता सगळं बसलं, चाक लागलं, गाडी खाली आली. इथं बरेच जण चावी फिरवून गाडी बाहेर काढतात, आणि गेटपाशी ब्रेक दाबतात तर पेडल थेट तळाला. कारण पिस्टन अजून मागेच असतो, पॅडपर्यंत पोचायला त्याला पाच-सहा दाब लागतात. पहिला दाब रिकामा जातो. गेटपाशी भिंत असेल तर बंपर जातो, रस्ता असेल तर काहीही जाऊ शकतं. म्हणून गाडी जागेवरून हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहायचं आणि डबीतली पातळी बघायची. त्यानंतरचे पहिले शे-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणं टाळावं, पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसायला तेवढं अंतर लागतं.

ब्रेक ऑइल आणि हवा काढणं

याला ऑइल म्हणतात, पण हे तेल नाही. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉलवर आधारलेली द्रव्यं आहेत आणि ती हवेतलं पाणी शोषतात. नवीन डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी शिरलेलं १४० अंशांना. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते, वाफ दाबली जाते आणि ब्रेक लागत नाही. थंड झाल्यावर पेडल परत ठीक. त्यामुळे ‘त्या वेळी ब्रेक लागलाच नाही, नंतर मात्र लागला’ असं कुणी सांगितलं तर तो खोटं बोलत असेलच असं नाही. साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं, आणि पूर्व विदर्भासारख्या भरपूर पावसाच्या भागात हे टाळू नये. झाकण उघडं राहिलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरायची नाही.

कमी पडलं म्हणून इंजिन ऑइल टाकणं ही सगळ्यात महागडी चूक. त्याने मास्टर सिलेंडरपासून चाकापर्यंतची सगळी रबरं फुगतात आणि सगळीच बदलावी लागतात.

हवा काढायला दोन माणसं, पारदर्शक नळी आणि एक बाटली लागते. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडायचा, बुडबुडे आले की बंद करायचा, आणि ‘सोड’ म्हटल्यावरच पहिल्याने पाय उचलायचा. निपल उघडा असताना पाय उचलला तर काढलेली हवा परत आत. डबी मधेच रिकामी होऊ द्यायची नाही. कोणत्या चाकापासून सुरू करायचं हे गाडीच्या ब्रेक लाइनच्या विभागणीवर ठरतं, ते मॅन्युअलमध्ये बघावं.

जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट पाळावी. पेडल पार तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलेंडरचा शेवटचा भाग रोजच्या वापरात येत नाही, तिथं गंज साचलेला असतो आणि रबर त्यावरून गेलं की कापलं जातं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हा धोका टळतो. ब्लीडिंगनंतर दुसऱ्याच दिवशी मास्टर सिलेंडर गेल्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथं असतं. निपल गंजून बसला असेल तर जोर लावू नये. तो तुटला की कॅलिपर बदलण्याशिवाय फारसा मार्ग उरत नाही.

तो मधला नट

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. बोनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना स्ट्रटचं डोकं दिसतं. त्यावर कडेने दोन किंवा तीन छोटे नट आणि मधोमध एक मोठा नट, काही गाड्यांत टोपणाखाली लपलेला. कडेचे नट स्ट्रटला बॉडीशी धरतात. मधला नट स्प्रिंगला दाबून धरतो.

स्ट्रट काढायचा तर कडेचे नट उघडायचे असतात. नवख्या माणसाला मधला नट मुख्य वाटतो आणि तो आधी त्यालाच पाना लावतो. गाडीतून काढलेल्या स्ट्रटचा तो नट स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता उघडला, तर शेकडो किलोच्या जोराने दाबलेली स्प्रिंग एका क्षणात सुटते. वरचा माउंट गोळीसारखा उडतो. समोर तोंड असेल तर पुढचं सांगायला नको. दोरीने बांधून, साखळीने आवळून, दोघांनी वर बसून ती सोडायचे व्हिडिओ इंटरनेटवर भरपूर आहेत. त्यात ज्यांचं फसलं त्यांनी व्हिडिओ टाकलेला नसतो.

यातून मधला मार्ग निघतो. अख्खा स्ट्रट गाडीतून घरी काढायचा, ब्रेक होजची क्लिप आठवणीने सोडवून, आणि तो पिशवीत घालून तुमसरच्या गॅरेजमध्ये न्यायचा. स्प्रिंग उतरवणं-बसवणं तिथल्या कॉम्प्रेसरवर काही मिनिटांचं काम आहे. परत आणून घरी बसवायचा. गाडी न्यायची कटकट वाचते, मजुरीही कमी होते. शॉकअप घेताना दोन्ही बाजूंचे एकाच कंपनीचे घ्यावेत. पुण्याच्या गॅब्रिएल इंडियासारख्या ओळखीच्या कंपन्यांचे पार्ट मिळतात, पण डबी ओळखीची दिसली म्हणून आतला माल तोच असेल असं नाही. बिल देणाऱ्या दुकानातून घेणं एवढाच उपाय.

लोअर आर्म आणि बुश

लोअर आर्म घरी बदलता येतो. बॉल जॉइंट अडकून बसला असेल तर त्याच्या थ्रेडवर हातोडी न मारता, ज्या डोळ्यात तो बसलाय त्याच्या बाजूवर मारायची. धक्क्याने तो सुटतो. काढलेली स्प्लिट पिन सरळ करून परत वापरू नये, नवीन दहा-वीस रुपयांत येते.

बहुतेक घरगुती कामांत चुकतं ते बुशचे बोल्ट आवळताना. चाक हवेत लोंबकळत असताना ते पूर्ण आवळले तर रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं. गाडी खाली आली की आर्म वर सरकतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. असा बुश काही महिन्यांत फाटतो आणि दोष ‘डुप्लिकेट माला’वर जातो. बोल्ट आधी हलकेच लावायचे, आणि गाडीचं वजन चाकांवर आल्यावर शेवटचे आवळायचे.

टाय रॉड एंड काढताना तो किती फेऱ्यांत बाहेर आला ते मोजून लिहून ठेवावं आणि नवा तेवढ्याच फेऱ्या आत बसवावा. यामुळे गाडी सरळ चालत अलाइनमेंटवाल्यापर्यंत पोचते. अलाइनमेंट मात्र करायचीच, स्ट्रट काढला असेल तरीही.

पहिली फेरी अंगणात, चालण्याच्या वेगाने. मग गावातल्या रिकाम्या रस्त्यावर. खाणीच्या ट्रकच्या रांगेत शिरण्याआधी जोरात दोन-तीन ब्रेक मारून गाडी ओढत नाही ना हे बघावं, आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासावेत.

एमएच ३६ पाटीच्या जुन्या गाडीसाठी हे काम आणखी एका कारणाने टाळता येत नाही. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी गाडी तपासून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये कारसाठी हे शुल्क ६०० वरून ५ हजार रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ते १० हजार केलं. साधारण २०२९ पर्यंत शेवटच्या मारुती ८०० सुद्धा १५ वर्षांच्या होतील. एवढे पैसे भरून तपासणीला नेलेली गाडी ब्रेकवर नापास होऊ नये असं वाटत असेल, तर पॅड आणि ब्रेक ऑइल आधीच बघून घेतलेलं बरं.

काढलेलं जुनं ब्रेक ऑइल विषारी असतं. ते बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, आणि कोल्ड ड्रिंकच्या बाटलीत भरून तर अजिबात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर मोठ्या अक्षरात लिहून, पुढच्या फेरीत गॅरेजमध्ये द्यावं.